‘कमवा आणि शिका’मधला ‘आणि’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातपूरच्या माणसाला घड्याळातले तीन आकडे पाठ असतात. सात, तीन आणि अकरा. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी तीनला आणि तिसरी रात्री अकराला. कारखान्यागणिक अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण हिशोब हाच. या वेळांना त्र्यंबक रस्त्यावर पूर्वी सायकलींची रांग लागायची, पुढे दुचाक्यांची लागू लागली. त्या रांगेत नुसते कामगार नसत, कॉलेजची मुलंही असत. सकाळचं कॉलेज, दुपारी डबा घेऊन सेकंड शिफ्ट आणि रात्री साडेअकरा-बाराला श्रमिकनगरच्या किंवा अशोकनगरच्या खोलीवर. मी नाशिकला बरीच वर्षं कॉमर्सच्या मुलांना कॉस्ट अकाउंटिंग शिकवलं. सकाळच्या वर्गात अशी पाच-सहा मुलं दर वर्षी असायचीच. मागच्या बाकावर, लाल डोळ्यांनी.

पालक मला नेहमी एकच प्रश्न विचारायचे. सर, शिकताना काम केलं तर मुलाचं नुकसान होतं की फायदा? काही जण म्हणायचे, हातात पैसा आला की पोरगं पुस्तक सोडतं. काही म्हणायचे, घाम गाळल्याशिवाय पुस्तक कळत नाही. दोघांकडे आपापल्या गल्लीतली उदाहरणं तयार असायची. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी हळूहळू इतिहासाकडे वळलो, आणि त्यातलं बरंचसं मला घराजवळच सापडलं.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा. त्यानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली आणि सातपूरच्या शेतजमिनींवर प्लॉट पडू लागले. सातपूर तेव्हा नाशिक शहरात नव्हतं. ते शहरात आलं १९८२ मध्ये, महानगरपालिका झाली तेव्हा. पुढच्या काळात इथे मायको आली (२००८ पासून ती बॉश झाली), महिंद्र, सिएट, तापडिया टूल्स आले आणि त्यांना माल पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. इकडे दिल्लीत त्याच १९६१ साली संसदेनं आणखी एक कायदा केला, शिकाऊ उमेदवारांचा. अॅप्रेंटिस अॅक्ट. एका कायद्यानं कारखान्याला जागा दिली, दुसऱ्यानं कारखान्यात शिकणाऱ्याला. आयटीआय सिग्नलवरून रोज जाणाऱ्या माणसाला या दोन कायद्यांचं नातं सांगावं लागत नाही.

या शिकाऊ कायद्यातली दोन कलमं मला फार महत्त्वाची वाटतात. एकात म्हटलं आहे की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. दुसऱ्यात म्हटलं आहे की कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकत असतानाच त्याला त्या कामाशी संबंधित शिक्षणही मिळालं पाहिजे. म्हणजे टर्नरनं लेथ चालवायचा आणि त्याच काळात ड्रॉइंग वाचायला, गणित मांडायलाही शिकायचं. नुसता लेथ चालवून माणूस टर्नर होत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. १९७३ च्या दुरुस्तीनं पदवी आणि पदविका घेतलेले इंजिनिअर या कायद्यात आले. आमच्या कॉमर्सच्या आणि आर्ट्सच्या पदवीधरांना मात्र २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. तोवर सातपूरच्या स्टोअरमध्ये चिठ्ठ्या फाडणारा बी. कॉम.चा मुलगा कायद्याच्या लेखी शिकाऊ नव्हता आणि कॉलेजच्या लेखी तो कामालाच जात नव्हता.

काम आणि कॉलेज यांची सांगड त्याआधी साताऱ्यात घातली गेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. गरिबाचा मुलगा फीसाठी कोणापुढे हात पसरणार नाही, राबेल आणि शिकेल, ही त्यामागची धारणा. भाऊराव स्वतः तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले. विक्री, हिशोब आणि शेतकऱ्याचं मन या तिन्ही गोष्टी ते कुठल्या वर्गात शिकले नव्हते. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द तिथून महाराष्ट्रभर गेले. पुणे विद्यापीठानं कर्मवीरांच्याच नावानं योजना चालवली, आणि आपली नाशिकची कॉलेजं त्याच विद्यापीठाची. बागेला पाणी घालणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात नोंदी करणं अशा कामांवर कितीतरी मुलांनी पदव्या घेतल्या. त्यांच्या घामाचा मान मोठाच आहे.

पण एक गोष्ट मला खटकत आली आहे. साताऱ्यातल्या कामात स्वाभिमान होता, समता होती. सगळ्या जातींची मुलं एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत, आणि तेच मोठं शिक्षण होतं. पुढे योजना झाली तेव्हा ‘कमवा’ एका रजिस्टरात गेलं आणि ‘शिका’ दुसऱ्या. झाडांना पाणी घालणाऱ्या बॉटनीच्या मुलाला त्या झाडांबद्दल सहसा कोणी काही विचारलं नाही. मधला ‘आणि’ गळून पडला.

हा ‘आणि’ कुठे टिकला, ते पाहायला जरा लांब जावं लागेल. अमेरिकेत सिनसिनाटी नावाचं कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी शिकताना कुठे काम केलं आहे, त्यांना विषय अधिक खोल समजतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९०६ मध्ये त्यांनी सत्तावीस विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग सुरू केला. एक आठवडा कॉलेज, एक आठवडा कारखाना. मुलांच्या जोड्या लावलेल्या. एक वर्गात असला की दुसरा यंत्रावर, म्हणजे कारखान्याचंही अडत नाही. इथवर आपल्यालाही सुचेल. त्यांनी आणखी एक केलं. कॉलेजचे समन्वयक नेमले. हे लोक कारखान्यात जाऊन मुलगा काय करतो ते पाहत आणि परत आल्यावर त्याच्याशी त्या कामावर बोलत. हा बेल्ट का घसरतो? हा धातू का तापतो? तू जे काल केलंस त्याला पुस्तकात काय म्हणतात? काम आणि वर्ग यांच्यात ये-जा करणारा एक माणूस त्यांनी पगार देऊन ठेवला होता.

माझ्याकडे समन्वयक नव्हता, पण मागच्या बाकावरची मुलं होती. एकदा मी मालाचा भाव लावायच्या पद्धती शिकवत होतो. आधी आलेला माल आधी द्यायचा, ही एक. शेवटी आलेला आधी द्यायचा, ही दुसरी. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणारा मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडे नवा माल आला की जुन्यावरच थापतात. देताना वरचा निघतो. पण हिशोबात भाव मात्र जुन्याचा लागतो.” वर्ग हसला. मी खडू ठेवला. कारण त्या मुलानं नकळत त्या प्रकरणाचं मर्म सांगितलं होतं. माल हलवायची पद्धत वेगळी आणि भाव लावायची वेगळी. पुस्तकात हे एका ओळीत असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. त्या दिवशी ती साऱ्या वर्गाला कळली.

दुसरा मुलगा प्रेस शॉपमध्ये होता. पत्र्याच्या पट्टीतून गोल चकत्या कापल्या की मागे जाळी उरते. ती उरणारच, तो नेहमीचा तोटा, म्हणजे आमच्या भाषेत नॉर्मल लॉस. पण एका रात्री डाय नीट बसली नव्हती आणि दोन-अडीचशे चकत्या वाया गेल्या. त्या सकाळपूर्वी जाळीच्याच ढिगात टाकल्या गेल्या. “सर, त्या कुठल्या खात्यात गेल्या?” त्यानं विचारलं. उत्तर असं की त्या अॅबनॉर्मल लॉसच्या खात्यात जायला हव्या होत्या, मग त्यांची वेगळी नोंद होऊन साहेबानं जाब विचारला असता. ढिगात गेल्या म्हणून त्या नेहमीच्या तोट्यात विरघळल्या आणि त्यांची किंमत उरलेल्या चांगल्या चकत्यांवर बसली. हिशोबाचे रकाने नुसते आकडे ठेवायला नसतात, कोणाला प्रश्न विचारायचा ते ठरवायलाही असतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत होतो. ते त्या मुलाच्या तोंडून वर्गाला पटलं.

आता तिसरा. हा पॅकिंगला होता. सहा महिने खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. तो मला म्हणाला, मी तिथे काहीच शिकलो नाही सर. परीक्षेतही त्याचा काही फायदा दिसला नव्हता. मी सहज विचारलं, खोकी संपली तर काय करता? म्हणाला, बसून राहतो, कधीकधी गाडी यायला दोन तास लागतात. पगार कापतात का? नाही. मग त्या दोन तासांचा पगार कुठल्या वस्तूच्या किमतीत धरायचा? तो विचारात पडला. आयडल टाइम, म्हणजे वाया गेलेल्या वेळेची मजुरी, हे प्रकरण त्यानं सहा महिने अंगानं भोगलं होतं. त्याचं नाव तेवढं त्याला माहीत नव्हतं. काम तेच, मुलगा तोच. त्याला कोणी विचारलेलं नव्हतं, इतकंच.

या कामाला दुसरी बाजू आहे आणि ती गोड नाही. सेकंड शिफ्ट करणाऱ्या मुलांपैकी काही जण डिसेंबरनंतर वर्गात दिसायचेच नाहीत. हजेरी भरत नसे, कंत्राटदार सुट्टी देत नसे, परीक्षेचा फॉर्म राहून जाई. कायद्याचं शिकाऊपण नसल्यामुळे यांच्या तासांना कोणाचं बंधन नव्हतं. आणि या साऱ्या गोष्टीत मुली जवळजवळ नव्हत्याच. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बायकांना साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कारखान्यात कामाला ठेवता येई. मुलींच्या संरक्षणासाठीच केलेली ही अट. महाराष्ट्रात ती पुढे काही अटींवर सैल झाली. पण त्या वर्षांत सकाळचं कॉलेज आणि दुपारी तीनची पाळी हे गणित मुलींसाठी जुळणं शक्यच नव्हतं. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींना माल आणि मजुरीचं प्रकरण पूर्ण पाठ असे, पण त्यातल्या बहुतेकींनी स्टोअर आतून पाहिलेलं नसे.

नाशिकनं या प्रश्नाला दुसऱ्या टोकानंही हात घातला, हे सांगायला हवं. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, गंगापूर धरणाजवळ, सातपूरपासून काही किलोमीटरवर. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. विद्यार्थ्यानं कामावर जावं याऐवजी कामावरच्या माणसाला विद्यार्थी होता यावं, असा हा विचार.

आणि ‘कार्यानुभव’ हा शब्द? तो आपण सगळ्यांनी शाळेत ऐकला आहे. कागदी फुलं, राख्या, घरी आईनं करून दिलेली फाइल. हा शब्द शाळांत रुजला तो कोठारी आयोगामुळे. १९६६ मध्ये या आयोगानं अहवाल दिला. त्याचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. शेतात, कारखान्यात, कार्यशाळेत, जिथे काही निर्माण होतं तिथे मुलानं प्रत्यक्ष भाग घ्यावा, आणि ते शिक्षणाचं अंग असावं, अशी त्यांची शिफारस. एवढ्या मोठ्या कल्पनेची आपण कागदी फुलं केली. कारण सोपं आहे. फुलं तपासायला शाळेबाहेर जावं लागत नाही.

आता हीच कल्पना कॉलेजात पुन्हा आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत इंटर्नशिप आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट मिळू लागले. मी निवृत्त असलो तरी जुने सहकारी कधीकधी मुलांचे अहवाल वाचायला देतात. बहुतेक अहवाल एकाच साच्याचे असतात. कंपनीचा इतिहास, उत्पादनांची यादी, अधिकाऱ्यांचा तक्ता आणि शेवटी आभार. कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवलेले. कागदी फुलंच, फक्त बांधणी झकास.

त्यांत एक अहवाल निराळा होता. सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात लेखा विभागात बसलेल्या मुलीचा. तिला असं आढळलं, की एकाच मापाचा बोल्ट स्टोअरच्या नोंदीत तीन नावांनी चढला आहे. एका नावाखाली शिल्लक शून्य दिसली की नवी ऑर्डर जायची, आणि बाकी दोन नावांखाली तोच बोल्ट खोक्यांत पडून असायचा. तिनं त्यावर सगळी मिळून दोन पानं लिहिली होती, तारखा आणि संख्या देऊन. भाषा साधी, शुद्धलेखन बेताचं. हे कसं सापडलं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “आमच्या मॅडम एकदा कंपनीत आल्या होत्या. त्यांनी मला स्टोअरमध्ये नेलं आणि रजिस्टरातलं एक पान काढून म्हणाल्या, यातली प्रत्येक वस्तू मला दाखव. दोन ओळींतल्या वस्तू आम्हाला एकाच खोक्यात सापडल्या.”