थंड गाडीचा आवाज

आमच्या भागाचा इतिहास लिहिणारे सागवानाचा लिहितात, बांबूचा लिहितात, गोंड राजांचा तर लिहितातच. पण ते सागवान आणि तो बांबू ज्या ट्रकांनी बल्लारपूरला वाहून नेला, त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्यांच्या इंजिनात तेल कुठलं पडायचं, याबद्दल तर नाहीच. आणि आमच्या मामाच्या तीन एकर धानाच्या बांधी एकदा त्या तेलाच्या हिशेबावरच वाचल्या.

१९४५ मध्ये बल्लारपूरला कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं. कारखान्याला बांबू पाहिजे, लाकूड डेपोला सागवान पाहिजे, आणि दोन्ही होतं आत, आलापल्ली-एटापल्लीकडे. आलापल्लीहून निघालेली गाडी लगाम, आष्टी करत वैनगंगा ओलांडायची आणि गोंडपिपरी, कोठारीवरून बल्लारपूरला लागायची. १९५४ मध्ये टेल्कोनं जर्मनीच्या डायमलर-बेंझबरोबर करार केला, आणि जमशेदपूरच्या डिझेल गाड्या देशभर पसरल्या. १९६९ मध्ये तो करार संपला. नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तिथे 'टी' आला, पण आमच्याकडचे म्हातारे डायव्हर पुढेही कितीतरी वर्षं 'बेंझ'च म्हणत.

जंगलाचं काम दिवाळीनंतर सुरू होई आणि पावसाला बंद पडे. म्हणजे ट्रकाचा हंगाम थंडीत उघडायचा आणि उन्हाळ्यात संपायचा. डिसेंबरात पहाटे पारा आठ-दहा अंशांवर, जंगलात त्याच्याही खाली. मे महिन्यात तेंदूपत्ता भरताना तोच पारा पंचेचाळीस-सत्तेचाळीसवर. एकाच इंजिनाला एकाच हंगामात हे दोन्ही सोसायचं. तेलाचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

गॅरेजात तेलाला 'मोबिल' म्हणत. खरं तर ते एका कंपनीच्या तेलाचं नाव. तिचा इथला धंदा पुढे एस्सोकडे गेला, आणि १९७४ मध्ये एस्सोचं सरकारीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. त्याआधीच, १९७२ मध्ये, इंडियन ऑइलनं 'सर्व्हो' आणलं होतं. डबा कोणताही असो, माणूस 'मोबिल दे' असंच म्हणायचा. दुकानात ड्रमला हातपंप लावलेला, त्यातून मापानं सुटं तेल मिळे. आणि नंबर एकच, चाळीस. कुणी तीस मागितलं तर दुकानदार वर बघायचा. उन्हाळ्यात पातळ तेल टिकत नाही हे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पण तेच चाळीस नंबर डिसेंबरच्या पहाटे काकवीसारखं घट्ट होऊन चेंबरच्या तळाशी बसायचं. रात्रभर गाडी उभी राहिली की वरचं तेल निथळून खाली येतं. स्टार्टर मारल्यावर पंप ते ओढून बेरिंगांपर्यंत आणि पार वर टॅपेटपर्यंत पोचवणार, तोवर लोखंडावर लोखंड. म्हणून डायव्हर चेंबरखाली शेकोटी करत. वर डिझेलची टाकी, खाली जाळ! आज कुणी केलं तर गाव गोळा होईल. तेव्हा किन्नर तिथंच हात शेकत बसायचा. बॅटरी म्हातारी असेल तर गाडी आदल्या रात्रीच उतारावर लावलेली असे.

मग ती चालू व्हायची आणि अख्ख्या गावाला कळायचं. आजी आवाजावरून सांगायची, कोणाची गाडी निघाली ते. माझ्या लेखी तो सगळा एकच गोंगाट होता. त्यात तीन निरनिराळे आवाज असतात हे मला बल्लारपूरच्या एका मिस्त्रीचाचांनी शिकवलं, तेही मामाच्या निमित्तानं.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन (२६ ऑगस्ट १९८२) वर्ष-दोन वर्षं झाली असतील. बांबूच्या वाहतुकीत पैसा दिसत होता. मामानं जुनी टाटा घ्यायचं ठरवलं. बांधी गहाण टाकायच्या, सावकाराशी बोलणं झालेलं. गाडी पाहायला गेलो तर ती आधीच चालू करून ठेवलेली. आवाज एकदम गोड. मामा खूश. चाचांनी बोनेटवर हात ठेवला आणि मालकाला म्हणाले, "शेटजी, उद्या सकाळी सहाला येतो. तोवर चालू करू नका."

बाहेर आल्यावर मामा वैतागला. "चाचा, चांगली चालून राहिली ना गाडी! उद्या आणखी काहून यायचं?"

"गरम हाये म्हणून चालून राहिली, भाऊ. थंडी पहा, मग बोला."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. चाचांनी आधी इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री केली, मग तेलाची पट्टी ओढली. तेल अंगठा आणि बोटात धरून ताणलं, तर पाकासारखी तार आली. ते काही बोलले नाहीत. मला जवळ उभं केलं आणि म्हणाले, "बाबू, ऐक."

गाडी चालू झाली तशी पहिल्यांदा खणखण आली, घण मारल्यासारखी. चाचा म्हणाले, ही सोड, ही डिझेलची आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबूनच इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. लोखंड गार असलं की ते ऊब पिऊन घेतं, पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात डिझेल साचतं आणि सगळं एकदम भडकतं. इंजिन तापलं की ती खणखण आपोआप कमी होते. तेल कितीही बदला, तिला फरक पडत नाही. वरून बारीक खडखड येत होती, ती टॅपेटची. ती तेल पोचलं की थांबते. चांगल्या गाडीत पाच-सात सेकंदांत थांबावी. इथं किती तरी वेळ थांबेना, कारण तेल फार जाड. आणि त्या दोन्हींच्या खाली, पोटातून, धड धड धड. पायाला जाणवेल असा. तेलाचा काटा वर चढला तसा तो बुजला.

"हे बेरिंग गेलेलं हाये," चाचा हळूच म्हणाले. झिजलेल्या बेरिंगच्या फटीत जाड तेल गादीसारखं बसतं आणि ठोका दाबून टाकतं. म्हणून विकायच्या आधी चाळीसच्या जागी त्याहून जाड, गिअरबॉक्सला घालतात तसलं ओतायचं. गरम गाडीत कुणाला ऐकू येत नाही. पहाटे मात्र तेल पोचायच्या आधीचे काही सेकंद असतात, तिथं ते लपत नाही.

चाचांनी शांतपणे सुचवलं, हे तेल काढा, आमच्या पैशानं साधं चाळीस भरतो, आणि भरल्या गाडीनं कोठारीपर्यंत जाऊन येऊ. शेटजींनी ते मानलं नाही. मामा तिथून उठला. महिनाभर तो चाचांवर रुसून होता, कारण दुसऱ्या एकानं ती गाडी घेतली आणि ती रोज आमच्या घरावरून जायची. उन्हाळा लागला, तेल पातळ झालं, आणि एक दिवस बांबू भरलेला असताना आष्टीच्या अलीकडे कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. घेणाऱ्याचा त्यात काय दोष होता? त्याच्याबरोबर चाचा नव्हते, एवढंच.

मामानं पुढे दोन वर्षांनी दुसरी गाडी घेतली, तीही पहाटे ऐकूनच. तिच्यात चाचांनी २०डब्ल्यू-४० घालायला लावलं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. असं तेल थंडीत वीस नंबरच्या हिवाळी तेलासारखं वाहतं आणि तापल्यावर चाळीससारखं जाड राहतं. मामाला ते पटायला वेळ लागला. "दोन नंबरचं तेल" म्हणून तो त्याची चेष्टा करायचा, आणि किंमत ऐकून तर आणखीच. तेल लवकर काळं पडतं, ही त्याची दुसरी तक्रार. चाचा म्हणत, काजळी धुऊन धरून ठेवते म्हणून काळी पडते, कामच करून राहिली ती. काढलेलं काळं तेल मात्र वाया जात नसे. बंडीच्या आसाला, चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, कुणी ना कुणी डबा घेऊन उभाच असायचा. जमिनीत किती मुरलं ते कुणी मोजलं नाही.

आता सुरजागडचं लोहखनिज घेऊन मोठमोठ्या गाड्या आलापल्लीवरून जातात. त्यांच्यात मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलचा एक बारीक फवारा सोडतात, म्हणजे एकदम भडका होत नाही आणि ती जुनी खणखण जवळजवळ गेली. टर्बो आहे, १५डब्ल्यू-४० लागतं. २०२० नंतरच्या गाड्यांना धुराच्या जाळीसाठी कमी राखेचं तेल पाहिजे, आणि ते कुठलं हे कंपनीचं पुस्तक सांगतं. माझा भाचा तसलीच एक चालवतो. पण मागच्या हिवाळ्यात त्यानं सेकंडहँड पिकअप घ्यायचं काढलं तेव्हा मला फोन केला होता. गाडी कधी दाखवतात म्हणून विचारलं, तर म्हणाला, दुपारी बोलावलंय. मी त्याला पहाटेची वेळ मागून घ्यायला सांगितली.