ठिपके आणि रेघा

सध्या मी पॅराव्ह्यू नावाचं एक सॉफ्टवेअर शिकते आहे. इंजिनिअर नातीच्या कामातलं. इतिहासाच्या मास्तरणीला सत्तरीनंतर हे कशाला, असं घरातल्या काहींनी विचारलं. त्याचं उत्तर म्हणून ही नोंद.

पाणी दिसतं, पण त्याचं वाहणं नीट दिसत नाही. हवेचं तर दोन्ही दिसत नाही. १८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. पाणी संथ असलं की धार दोऱ्यासारखी सरळ जाई, वेग वाढला की एका टप्प्याला एकदम विस्कटून पाणीभर पसरे. जर्मनीत लुडविग प्रांटलने हाताने चाक फिरवून पाणी वाहतं ठेवणारी टाकी केली आणि त्यात अभ्रकाचे कण सोडले. १९०४ मध्ये त्याने मांडलेल्या निबंधात त्या टाकीतले फोटो होते. म्हणजे डोळ्यांनी आधी पाहायचं, गणित मागून.

लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रजाने हे उलटं केलं. त्याने युरोपच्या नकाशावर सुमारे २०० किलोमीटरच्या चौकोनांची जाळी आखली, वर हवेचे पाच थर धरले, आणि २० मे १९१० या एका दिवसाच्या नोंदींवरून हवामान नुसत्या आकडेमोडीने काढायला घेतलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना गाडीतून नेण्याचं काम करता करता त्याने हे गणित सोडवलं. १९१७ च्या लढाईत हस्तलिखित हरवलं, ते काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं! आणि एवढं करून उत्तर काय आलं? सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता.

रिचर्डसनने हे उत्तर लपवलं नाही. १९२२ च्या आपल्या पुस्तकात ते जसंच्या तसं छापलं. पुढे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाने तेच गणित पुन्हा करून पाहिलं. पद्धत ठीक होती. सुरुवातीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा आपसात मेळ नव्हता. तो आधी बसवून घेतला, तर उत्तर समजूतदार येतं. रांगोळीच्या भाषेत सांगायचं, तर रेघा बरोबर होत्या, ठिपकेच जागेवर नव्हते.

१९५० मध्ये एनिॲक या संगणकावर चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी चोवीस तासांचा अंदाज काढला. त्याला लागले जवळजवळ चोवीस तास. नंतर यंत्रं वेगवान झाली आणि आकड्यांचे डोंगर उभे राहिले. ते वाचणार कोण? म्हणजे पुन्हा डोळा हवाच. नासाच्या एम्स केंद्रात १९८० च्या दशकात प्लॉट-थ्रीडी आलं. २००० मध्ये लॉस अलामोसची प्रयोगशाळा आणि किटवेअर यांनी पॅराव्ह्यूचं काम सुरू केलं. २००२ मध्ये ते लोकांच्या हाती आलं, तेही फुकट.

शिकायला एक नमुना मिळतो: तापलेल्या, गरगर फिरणाऱ्या तबकडीभोवतीची हवा. फाईल उघडून 'अप्लाय' दाबायचं, नाहीतर पडदा रिकामाच राहतो. मग 'ग्लिफ' घेतलं की बाण उमटतात, 'स्ट्रीम ट्रेसर' घेतलं की रेनॉल्ड्सच्या रंगासारख्या धारा. निळ्यातून तांबड्यात इतका अलगद जाणारा रंग की बघत राहावं. पण 'सर्फेस विथ एजेस' निवडलं की जाळीच्या रेघा वर येतात. तेव्हा कळतं की आकडे फक्त गाठींवर आहेत. मधला तो अलगद रंग सॉफ्टवेअरने शेजारच्या गाठींवरून अंदाजाने भरला आहे. जाळी जिथे विरळ, तिथे अंदाज जास्त. चित्र मात्र दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत.

इथे मला माझा विषय भेटला. बखर वाचताना सगळं सलग वाटतं. अस्सल कागद मात्र ठिपक्यांसारखे सुटे असतात: एका तारखेचं पत्र, मग महिनाभर काही नाही, मग दुसरं पत्र. मधला महिना आपण भरतो. भरावा लागतोच, त्याशिवाय इतिहास लिहिता येत नाही. पण कागद कुठे संपला आणि आपण कुठे सुरू झालो, हे दाखवायला हवं. इतिहासाचार्य राजवाडे १८९८ पासून जुन्या कागदांचे खंड छापत राहिले, ते ठिपके आधी लोकांसमोर यावेत म्हणूनच, असं मला वाटतं.

नातीच्या क्षेत्रात तर अशा चित्रांवरून विमानाचे पंख ठरतात, पुलांवरचा वारा ठरतो. तिथे नुसतं सुंदर दिसून भागत नाही. मी तिला म्हटलं, बाई गं, साहेबांना रंगीत चित्र दाखवशील तेव्हा शेजारी जाळीही ठेव. ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे कुणी जाळी मागतच नाही."

न मागता दाखव म्हटलं. रिचर्डसनकडे तरी त्याचं फसलेलं उत्तर कुणी मागितलं होतं?