कार्य, ऊर्जा आणि शक्ती
कार्य, ऊर्जा आणि शक्ती या भौतिकशास्त्रातील परस्परांशी निगडित राशी होत. बोलण्यात ऊर्जा, शक्ती, बळ हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास योजले जातात. शास्त्रात तशी मोकळीक नाही.

बल लावल्याने वस्तूचे त्या बलाच्या दिशेने विस्थापन झाले, तरच कार्य घडते. गोंदिया जिल्हा भातगिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील हमाल ५० किलोग्रॅमचे तांदळाचे पोते १ मीटर उचलतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४९० ज्यूल कार्य होते. तेच पोते डोक्यावर घेऊन तो सपाट जमिनीवर एकसारख्या चालीने कितीही चालला, तरी वजन पेलणाऱ्या बलाचे कार्य शून्य. कारण बल उभ्या दिशेत आणि विस्थापन आडव्या. त्याचा घाम मात्र खराच असतो. स्नायू ताणलेले राखण्यात शरीरातील ऊर्जा खर्च होतच राहते.

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. तिचेही एकक ज्यूल. कार्य करण्याचा दर म्हणजे शक्ती. दर सेकंदाला १ ज्यूल म्हणजे १ वॅट. वरील पोते १ सेकंदात उचलल्यास ४९० वॅट, १० सेकंदांत उचलल्यास ४९ वॅट शक्ती लागते. कार्य दोन्ही वेळा तेवढेच.

जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच असून स्थापित क्षमता ३,३०० मेगावॅट आहे. ही शक्ती होय, ऊर्जा नव्हे. ‘ताशी ३,३०० मेगावॅट’ हा प्रयोगही चुकीचा, कारण वॅटमध्ये काळ आधीच सामावलेला असतो. पूर्ण क्षमतेने तासभर चालल्यास हे केंद्र ३३ लाख युनिट ऊर्जा देईल.

वीजबिलातील युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत वरील पोते सुमारे ७,३०० वेळा मीटरभर उचलता येईल.

१ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. ५ अश्वशक्तीचा कृषिपंप पूर्ण भाराने ८ तास चालल्यास सुमारे ३० युनिट होतात. मोटारीतील ऊर्जाव्यय धरता मीटरवर याहून अधिक. मीटर नसलेल्या कृषिपंपांची आकारणी महाराष्ट्रात अश्वशक्तीनुसार होत आली आहे. ती शक्तीवर असते, वापरलेल्या ऊर्जेवर नाही. पंप दोन तास चालो वा आठ तास, रक्कम तीच राहते.