आधी नंबर कोणाचा?

काही वर्षांपूर्वी शाळेतला एक मुलगा झाडावरून पडला. त्याला उचलून आम्ही दोघं-तिघं शिक्षक दवाखान्यात धावलो. हात मोडलेला, मुलगा जिवाच्या आकांतानं रडत होता. आमच्यामागून एक वयस्क गृहस्थ आले आणि घाम पुसत गप्प बाकावर बसले. नर्सबाईंनी मात्र त्यांनाच आधी आत नेलं. आम्ही चिडलो. रेशनच्या रांगेतला न्याय आमच्या डोक्यात होता : जो आधी आला, त्याचा नंबर आधी. त्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

दवाखान्यातल्या रांगेचा हा निराळा नियम आला कुठून? त्याचं मूळ रणांगणावर सापडतं.

अठराव्या शतकात फ्रेंच सैन्याची रुग्णपथकं लढाईपासून चार-पाच किलोमीटर मागे थांबत. लढाई संपेपर्यंत जखमी तिथेच पडून राहत. दोमिनिक-झां लारे या तरुण शल्यविशारदाला हे पाहवेना. घोडे जुंपलेल्या हलक्या तोफा झपाट्यानं जागा बदलतात, मग जखमींसाठी तशाच गाड्या का नकोत? १७९२ मध्ये त्यानं 'उडती रुग्णपथकं' सुचवली. पुढे नेपोलियनच्या सैन्यात त्यानं आणखी एक नियम पाळला : ज्याची जखम सर्वांत घातक, त्याच्यावर उपचार आधी, मग तो शिपाई असो की सेनापती. १८१२ साली छापलेल्या आठवणींत त्यानं हे तत्त्व स्पष्ट मांडलं. हुद्द्याला मान देणाऱ्या सैन्यात ही गोष्ट सोपी नव्हती.

क्रिमियाच्या युद्धात, १८५४-५५ मध्ये, सेव्हास्तोपोल इथे रशियन शल्यविशारद निकोलाय पिरोगोव यांच्यापुढे जखमींची रीघ लागली. डॉक्टर थोडे, जखमी शेकडो. त्यांनी आल्या आल्या जखमींची वर्गवारी सुरू केली. कोणाला ताबडतोब शस्त्रक्रिया हवी, कोण थांबू शकेल, कोणाला नुसती मलमपट्टी पुरेल, हे आधी ठरे. वाचण्याची आशाच नसलेल्यांचा एक वेगळा गट होता. त्यांना परिचारिका आणि धर्मगुरूंच्या हाती सोपवलं जाई. निवड करणाऱ्याला हा निर्णय किती जड जात असेल, याची आपण कल्पनाच करावी.

या वर्गवारीला 'ट्रायेज' म्हणतात. निवडणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द एके काळी लोकरीची प्रत लावण्यासाठी वापरत. पहिल्या महायुद्धात तो वैद्यकात रुळला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साध्या रुग्णालयांत आला. १९९४ मध्ये मँचेस्टरमध्ये डॉक्टर आणि परिचारिकांचा एक गट त्यासाठी एकत्र आला. त्यांच्या पद्धतीत पाच रंग आहेत. लाल म्हणजे तत्काळ, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत आणि निळा चार तासांत. सगळीकडे हेच रंग नसतात, पण तत्त्व तेच. जो मोठ्यानं रडतो तोच सर्वांत गंभीर, असं नसतं. उलट, रडणाऱ्या मुलाचा श्वास चालू आहे एवढं तरी नक्की कळतं!

निवड करणाऱ्याच्या हाती मिनिटं थोडी असतात, म्हणून आपण नेलेली माहिती मोलाची. त्रास किती वाजता सुरू झाला? पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कोणती औषधं चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे? काही पोटात गेलं असेल तर ती बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्यावं. सर्पदंशावरचं प्रतिविष जवळ कुठे मिळतं, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवावं. १०८ क्रमांक आणि पालकांचे फोन शाळेत भिंतीवर असावेत.

वर्गात एक खेळ घ्या. पाच चिठ्ठ्यांवर पाच रुग्ण लिहा आणि मुलांना क्रम लावू द्या. वाद होतील, ते होऊ द्या. आणि प्रत्येक मुलाला 'का?' हे मात्र जरूर विचारा.