दोन्ही पाय एकदम

परवा दिवाळीला पालीला गेलो होतो. बीडहून निघालं की बिंदुसरेच्या तलावाचं पाणी दिसायला लागतं आणि पुढे मांजरसुंब्याचा घाट. रस्ता आता चौपदरी झालाय, २११ नंबरचा हायवे ५२ झाला. भाचा गाडी चालवत होता. सहज म्हणाला, "मामा, या गाडीत ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबले तर गाडी ब्रेकचंच ऐकते." त्याने ते सहज म्हटलं, पण मला एकदम नाना आठवले.

घरच्यांना किस्सा माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९९४ साल. आमचे नाना दुसऱ्याच्या मालकीची काळी-पिवळी जीप चालवायचे. मांजरसुंब्याहून बीडकडे येताना घाट उतरल्यावर जीप एकाएकी पळायला लागली आणि रस्ता सोडून शेताच्या बांधावर चढली. मागे बसलेल्या एका मावशींचा हात मोडला. मी दहा वर्षांचा, नानांच्या शेजारीच बसलेलो. नाना म्हणाले, "ॲक्सिलरेटर अडकला. माझा पाय ब्रेकवरच होता." मालकाने आणलेला मिस्त्री म्हणाला, "स्प्रिंग ठीक आहे. पाय चुकला." गावाने मिस्त्रीचं ऐकलं. नानांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

त्या जीपचं यंत्र अगदी साधं होतं. पॅडलपासून डिझेल पंपापर्यंत दांडी नाहीतर तार, आणि पाय काढला की ती मागे ओढायला एक स्प्रिंग. ब्रेकचा मामला पूर्ण वेगळा. एका पॅडलचं काय चाललंय ते दुसऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. दोन्ही दाबली की इंजिन पुढे ओढणार, ब्रेक मागे, ज्याचा जोर जास्त त्याचं खरं. जोर सहसा ब्रेकचाच जास्त असतो, पण एकदाच आणि घट्ट दाबला तर. माणूस घाबरून दाब-सोड करतो आणि ब्रेक तापत जातात. पेट्रोल गाडीत तर आणखी एक गोम असते. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. थ्रॉटल सताड उघडा असला की व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, म्हणून दोन-चार वेळा दाबून सोडलं की पॅडल दगडासारखं होतं. आणि जुन्या डिझेल जीपची चावी फिरवून इंजिन थांबत नसे, त्यासाठी वेगळा खटका ओढावा लागे.

तार जाऊन वायर आली ती १९८०च्या दशकाच्या शेवटी, आधी बीएमडब्ल्यूसारख्या महागड्या गाड्यांत. यात पॅडल म्हणजे नुसता अर्ज. पॅडलवरचे दोन सेन्सर 'साहेबांना इतकं हवंय' असं कळवतात, कॉम्प्युटर दोघांचं जुळतंय का ते बघतो आणि छोटी मोटर थ्रॉटलची झडप उघडते. मध्ये विचार करणारं कुणीतरी आलं म्हटल्यावर ब्रेकच्या स्विचकडूनही विचारून घेता येतं. आधी ॲक्सिलरेटर दाबलेला आणि वर ब्रेकही आला, तर अर्ज नामंजूर, इंजिन आयडलवर. क्रम उलटा असेल, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून चढावर गाडी उचलायची असेल, तर बऱ्याच गाड्या चालू देतात.

सोय करता येत होती, पण सगळ्यांनी केली नव्हती. २८ ऑगस्ट २००९ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस सुसाट सुटली आणि चौघं गेले. चालवणारा स्वतः महामार्ग पोलिसातला. पॅडल पायाखालच्या रबरी मॅटमध्ये अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या आणि ब्रेकला वरचढ ठरवणारी ही व्यवस्था बसवायचं जाहीर केलं. काही जर्मन गाड्यांत ती आधीपासून होती. म्हणजे प्रश्न अकलेचा नव्हता, निकडीचा होता.

पुढचं मात्र मला जास्त खुपतं. लोक म्हणाले, दोष इलेक्ट्रॉनिक्सचा. अमेरिकन सरकारने थेट नासाला कामाला लावलं. फेब्रुवारी २०११मध्ये निष्कर्ष आला: थ्रॉटल आपोआप सताड उघडेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. २०१३मध्ये ओक्लाहोमातल्या ज्युरीने मात्र २००७च्या एका अपघातात गाडीच्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. २०१४मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य करून टोयोटाने १२० कोटी डॉलर दंड भरला. आणि तरीही, बऱ्याच गाड्यांच्या नोंदींत ब्रेक दाबलेलाच नव्हता. १९८०च्या दशकात ऑडीच्या बाबतीतही अशीच ओरड झाली होती, आणि १९८९च्या सरकारी अहवालात मुख्य कारण निघालं ते चुकीच्या पॅडलवर पडलेला पाय.

असा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटतं की आपला पाय ब्रेकवर आहे. गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोरात दाबतो. या चुकीवर ब्रेकची नवी व्यवस्थाही उपयोगाची नाही, कारण ब्रेक दाबलाच गेलेला नसतो.

म्हणून नानांचं काय खरं, ते मला आजही सांगता येत नाही. नाना खोटं बोलणारे नव्हते, पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हे आता कळतं. मिस्त्रीने तरी काय पाहिलं? थांबलेल्या जीपची स्प्रिंग. चालत्या जीपमध्ये ती दांडी कशात अटकली होती का, हे थांबल्यावर कसं दिसणार? आजच्या बऱ्याच गाड्यांत शेवटच्या काही सेकंदांची नोंद राहते. त्या जीपमध्ये नोंद ठेवणारा एकच होता, दहा वर्षांचा मी. मला इंजिनाचं किंचाळणं आठवतं, समोरची बाभूळ आठवते. नानांच्या पायांकडे मी पाहिलं नव्हतं.

पंचांनी मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. गावाने त्याचा अर्थ 'पाय चुकला' असा घेतला. "मी पाहिलं नाही" एवढं खरं वाक्य बोलायला हवं होतं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताई, तू वाचत असशील तर एवढं कळावं म्हणून लिहिलं. घाट उतरताना भाच्याला म्हटलं, "जरा हळू घे." त्याने पाय उचलला, आणि गाडीने मुकाट ऐकलं.