महालांतील वाडे आणि उंदरांवरील पिसवा

नागपुरांतील महाल ही भोसल्यांच्या राजवाड्याभोंवतीं वाढलेली जुनी वस्ती. इ. स. १९०२ च्या प्लेगांत तेथील बळिरामपंत हेडगेवार व त्यांच्या पत्नी रेवतीबाई हीं दोघें एकाच दिवशीं निवर्तलीं. पुढें राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणारे त्यांचे पुत्र केशव त्या वेळीं अवघे तेरा वर्षांचे होते. एका दिवसांत घर पोरकें करणारा हा वैरी घरांत शिरे तरी कोठून?

रोगाचा जंतु अलेक्झांडर येर्सिन यांनीं १८९४ सालींच हाँगकाँग येथें शोधला होता. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रकट झाला, तेव्हां जंतु ठाऊक होता. त्याचें वाहन मात्र ठाऊक नव्हतें. त्यामुळें सरकारी उपायांचा सारा रोख माणसांवर राहिला. घरांच्या झडत्या झाल्या, रोग्यांना बळेंच इस्पितळांत नेण्यांत आलें. पुण्यांत यामुळें असंतोष भडकला आणि २२ जून १८९७ रोजीं प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

पुढच्याच वर्षीं कराचींत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें एक साधा प्रयोग केला. कांचेच्या मोठ्या भांड्यांत पिसवांसह रोगी उंदीर ठेवला व त्याच भांड्यांत जाळीच्या पिंजऱ्यांत निरोगी उंदीर सोडला. दोघांचा परस्परांस स्पर्श होणें शक्य नव्हतें; तरी कांहीं दिवसांनीं दुसराहि प्लेगनेंच मेला. जाळींतून जाऊं शकली ती केवळ पिसू. प्रथम हें मत कित्येकांनीं मानलें नाहीं. १९०५ पासून मुंबईस परळ येथें झालेल्या सरकारी संशोधनानें तें निर्विवाद ठरविलें. १९१४ सालीं बॅकट व मार्टिन यांनीं दंशाचें रहस्यहि उलगडलें: जंतूंच्या गोळ्यानें पिसवेचा अन्नमार्ग तुंबतो, भुकेनें व्याकुळ होऊन ती पुनःपुन्हां चावते आणि तुंबलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत लोटते. उंदीर मरून थंड पडला कीं ती त्यास सोडून नवा आश्रय शोधते. तो माणूसहि असूं शकतो.

‘उंदीर पडला’ हे शब्द ऐकतांच महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबें घराला कुलूप लावून रानांत झोंपड्या करून राहत. शास्त्राचें कारण त्यांस माहीत नव्हतें; परंतु झडतीच्या शिपायाला जें दिसलें नाहीं, तें माजघरांतील गृहिणीनें ओळखलें होतें. धोका शेजारच्या माणसापेक्षां धान्याच्या कणगीखालीं अधिक होता.