बंद पडलेली चिप की बंद केलेली?

१/७
देहू-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी यंत्रभागांचे आराखडे आता लॅपटॉपवर तयार होतात. अशा लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात : प्रोसेसरमधली अंगभूत आणि जड कामासाठीची स्वतंत्र. लिनक्स बसवल्यावर कधीकधी अंगभूत चिप दिसेनाशी होते. मदरबोर्ड गेला असे मानण्यापूर्वी या घोटाळ्याचा इतिहास पाहावा.

२/७
१९९९ मध्ये इंटेलने '८१०' या चिपसेटमध्ये ग्राफिक्स सामावून घेतले. २०११ च्या 'सँडी ब्रिज' पिढीत ते प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आले. वीज कमी लागे, पण त्रिमितीय आराखड्यांना ही ताकद अपुरी पडे. जोडीला स्वतंत्र चिप दिली, तर बॅटरी भराभर उतरे.

३/७
फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' हा तोडगा जाहीर केला. जड चित्र स्वतंत्र चिपने रेखाटायचे, पडद्यावर पोचवायचे अंगभूत चिपने. काम नसेल तेव्हा स्वतंत्र चिपने झोपायचे. ही सोय विंडोजसाठी होती. लिनक्स वापरणारे वाऱ्यावर राहिले.

४/७
मे २०१० मधल्या लिनक्स २.६.३४ मध्ये चिप बदलण्याची प्राथमिक सोय आली. २०११ मध्ये स्वयंसेवकांनी ऑप्टिमससाठी 'बम्बलबी' हा प्रकल्प उभारला. त्याच्या एका स्क्रिप्टमध्ये नको तिथे एक रिकामी जागा पडली आणि एका उपफोल्डरऐवजी 'यूएसआर' हा अख्खा फोल्डर पुसला जाऊ लागला.

५/७
जून २०१२. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोत्या महिलेने ऑप्टिमसची व्यथा मांडली. लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे मधले बोट दाखवून एनव्हिडियावरचा संताप व्यक्त केला. दोन्ही चिपांच्या जोडकामाला कंपनीच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये नीट आधार मिळायला २०१९ उजाडले.

६/७
ॲपलची कथा अधिक बोलकी आहे. दोन चिपांच्या इंटेल मॅकबुक प्रोमध्ये समोरची प्रणाली मॅकओएस नसेल, तर फर्मवेअर अंगभूत चिप बंद करते. लिनक्सकर्त्यांनी उपाय काढला : सुरू होतानाच फर्मवेअरला 'मी मॅकओएस आहे' असे सांगायचे. चिप शाबूत होती. तिला ओळख विचारून दार लावले जात होते.

७/७
म्हणून शोधाचा क्रम महत्त्वाचा. 'एलएसपीसीआय'च्या यादीत चिपच नसेल, तर आधी बायॉसमध्ये पाहावे. तिथे 'फक्त स्वतंत्र चिप' हा पर्याय निवडलेला असू शकतो. यादीत आहे पण चालत नाही, तर ड्रायव्हर रोखला आहे का आणि बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' राहिले आहे का, ते तपासावे. बोर्ड बदलण्याचा खर्च या दोन पायऱ्यांनंतरच विचारात घ्यावा. बिघाड दिसतो यंत्रात. त्याचे मूळ पुष्कळदा कुणीतरी आधीच घेतलेल्या निर्णयात असते.